खाडाखोड नाही

जन्मतारखेच्या कामासाठी शाळेच्या ऑफिसात येणारा माणूस पहिल्या वाक्यात खरं बोलत नाही. तो आधी हवापाण्याचं बोलतो, मग माझ्या मुलांची चौकशी करतो, मग पिशवीतून दोन शहाळी काढून टेबलाखाली सारतो आणि शेवटी म्हणतो, "बाई, एक बारीकसं काम होतं." बारीकसं काम म्हणजे त्याला दोन वर्षांनी लहान व्हायचं असतं. एकतीस वर्षं मी शाळेत क्लार्क होते. त्या एकतीस वर्षांत शहाळी भरपूर प्यायले, पण एकाही माणसाला एका दिवसानेही लहान केलं नाही.

मी संशयी आहे. घरचे म्हणतात म्हणून नाही, मला स्वतःलाच ते मान्य आहे. दूधवाल्याच्या मापापासून जावयाच्या सर्दीपर्यंत मला सगळ्यात काहीतरी काळंबेरं दिसतं. नोकरीत या स्वभावाचा उपयोग झाला. एका गोष्टीत मात्र त्याने एका मुलीचं आयुष्य नासवलं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचे भायदे सर गेल्या मार्गशीर्षात गेले. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, बोर्ली पंचतनहून एसटीने अर्ध्या तासावर. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम घालत नाही. सर तिथे प्राथमिकचे शिक्षक म्हणून आले आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. शोकसभेला शाळेचं पटांगण पुरलं नाही. कोळीवाडा आला, मोहल्ला आला, वाडीवाले आले. मुंबईहून दोन गाड्या भरून माजी विद्यार्थी आले. जो तो उठून सांगत होता, सरांनी मला फी न घेता शिकवलं, सर माझ्या बापाला समजवायला घरी आले, सर आयुष्यात खोटं बोलले नाहीत. या शेवटच्या वाक्याला मी मान खाली घातली. समोर तिसऱ्या रांगेत सविता बसली होती, कोळीवाड्यातली, आमचीच जुनी विद्यार्थिनी. ती बोलायला उठली नाही आणि तिला कुणी उठ म्हणालंही नाही. तिच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

हा लेख सरांवर आहे, पण लिहिते आहे ते सवितामुळे.

आधी रजिस्टरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. जाड पुठ्ठ्याचं, दोन हातांनी उचलायचं. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते: नाव, आईचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख. माणूस पुढे कितीही मोठा झाला तरी दाखल्यासाठी या एका ओळीपाशीच येतो. म्हणून तिथे खाडाखोड चालत नाही. चूक दुरुस्त करायची तर मूल शाळेत असेपर्यंतच, वरिष्ठांचा लेखी आदेश आणून, लाल शाईने, मुख्याध्यापकांच्या सहीने. मूल शाळा सोडून गेलं की विषय संपला. एक गृहस्थ निवृत्तीला महिना उरला असताना कुंडली घेऊन आले होते. म्हणाले, ही माझ्या आजोबांनी मांडलेली, यात मी दोन वर्षांनी धाकटा आहे. कुंडलीच्या कागदाला ताज्या डिंकाचा वास येत होता. मी त्यांना चहा दिला आणि घरी पाठवलं.

पूर्वी बाळंतपणं घरीच व्हायची. जन्माची नोंद कोण करणार? आई शाळेत येऊन सांगायची, मोठ्या उधाणाच्या वेळेला झाला, नाहीतर थोरल्या दिराच्या लग्नाच्या आधी झाली. मास्तर बोटांवर हिशेब करायचे आणि तारीख टाकायचे एक जून, म्हणजे पहिलीत नाव घालायला सोयीचं. आमच्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचा तर अर्धं गाव एक जूनला जन्मलं. त्यात लबाडी नव्हती, तशी पद्धतच होती. तारीख सोयीची असली तरी वर्ष मात्र जमेल तेवढं खरं घालायचं, असा दंडक होता.

सविता दहावी झाली त्या वर्षी दाखला घेऊन गेली आणि चार दिवसांनी परत आली. अंगणवाडीत मदतनीस हवी होती. वयाची अट अठरा पूर्ण. तिने दाखला माझ्या टेबलावर आपटला.

"बाई, मी अठराची हाय. ही सोळाची कोन हाय?"

"अगं, दाखल्यावर आहे तेच तुझं वय."

"माज्या आयशीला इचारा. मी दोन वर्सं भावाला सांबाळीत घरी बसले व्हते, मंग सरांनी नाव घातलान. तुमी सुदारा."

"तू शाळा सोडलीस गं. आता कुणालाच सुधारता येत नाही."

ती सरांच्या खोलीत गेली. तिचा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होता. सर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ती रडत, संतापाने बडबडत बाहेर आली ते सगळ्या शाळेने पाहिलं, मुलांनी, शिपायाने, पोषण आहाराच्या बायकांनी. अंगणवाडीची जागा दुसरीला मिळाली.

चूक होते, मी समजू शकते. पण माझा स्वभाव आड आला. मी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली आणि मधल्या सुट्टीत डबा खाता खाता एकेक पान बघायला लागले. उशिरा नाव घातलेले मुलगे बघितले. कुणी आठव्या वर्षी आला, कुणी नवव्या. त्यांची वर्षं बरोबर होती. मग ज्या मुली उशिरा आल्याचं मला स्वतःला ठाऊक होतं, त्या बघितल्या. त्या सगळ्याच्या सगळ्या पहिलीत आल्या तेव्हा बरोब्बर सहा वर्षांच्या होत्या. एकही आठची नाही. अक्षर एकच, भायदे सरांचं. हिरवट शाई, टपोरं, वळणदार. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.

आता मी काय समजावं? वय लपवण्यात माणसाचा फायदा असतो, हे मला रोजच्या कामाने शिकवलं होतं. सरकारी नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतात. आणि कुणाचा फायदा करून देणाऱ्याचाही काही फायदा असतोच. मला जूनमधले प्रवेशाचे दिवस आठवले. कोळणी सरांच्या खोलीत जायच्या, दार लोटलं जायचं, आणि बाहेर येताना हातातली कागदाची पुडी नसायची. पुडीत सोडे असायचे, सुकवलेली कोलंबी, वास लपत नाही. सर शुद्ध शाकाहारी! शाकाहारी माणसाच्या टेबलावर सोडे कशाला? पुड्या सर शिपायाला देऊन टाकायचे हे मला माहीत होतं, कारण शिपाई त्यातले निम्मे मला द्यायचा आणि आमच्या घरी सोड्यांची खिचडी व्हायची. पण संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस स्वतः खाल्लेली खिचडीसुद्धा विसरतो.

त्यात दिवाळीनंतर रेश्माचा बाप आला. रेश्मा दहावीत होती. तिचा भाऊ राजेश दोन वर्षांपूर्वीच दहावी करून बोटीवर जायला लागला होता. बापाने दोघांचे कागद माझ्यासमोर ठेवले.

"बाई, ह्यात चूक हाय. ही दोगं जुळी हायत. पोऱ्याचं वय बरोबर, पोरीचं दोन वर्सांनी कमती लिवलाय. सुदारून द्या."

मी दोन्ही नोंदी काढल्या. राजेश आधी दाखल झालेला, वय सहा. रेश्मा दोन वर्षांनी दाखल झालेली, वय सहा. एका आईच्या पोटातून एकाच दिवशी आलेल्या भावाबहिणीत शाळेने दोन वर्षांचं अंतर पाडलं होतं. रेश्मा अजून शाळेत होती, म्हणजे दुरुस्ती होऊ शकत होती. मी प्रस्ताव तयार करून सरांकडे नेला. सरांनी वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

"राहू द्या, वर्तकबाई."

"पण सर, ती जुळी आहेत."

"असतील," सर म्हणाले आणि वर्गावर गेले.

महिना गेला, ड्रॉवर उघडला नाही. मग मी ते केलं. वरिष्ठ कार्यालयाला निनावी अर्ज केला की या शाळेचे मुख्याध्यापक मुलींच्या जन्मतारखा जाणूनबुजून खोट्या लावतात, चौकशी व्हावी. माझं अक्षर तालुकाभर ओळखीचं, म्हणून रजा टाकून म्हसळ्याला गेले आणि टाइप करून आणला. पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकताना मला फार मोठं कर्तव्य केल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली. ज्या माणसाला सगळं गाव देव मानत होतं, त्याचं खरं रूप फक्त मला दिसलं होतं.

पंधरा दिवसांनी सरांनी मला आत बोलावलं. अर्जाची प्रत त्यांच्यासमोर होती.

"आपल्याविरुद्ध तक्रार आलीय. खुलासा द्यायचा आहे. मसुदा तुम्हीच करा."

"मी?"

"यातलं तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी तो वाचला आणि माझे कान तापले. निनावी अर्जात मी 'विषय' लिहिला होता. त्याखाली 'संदर्भ' लिहिला होता आणि त्यात रजिस्टरचे पान क्रमांक, नोंद क्रमांक सगळे ओळीने दिले होते. शेवटी 'माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर' असंही होतं. गावातला कुठला माणूस चिडून असा अर्ज करील? सही तेवढी नव्हती, बाकी मी नखशिखांत त्यात होते. सर खिडकीबाहेर बघत होते. मी मसुदा करून दिला आणि त्यांनी कानामात्रा न बदलता सही केली.

चौकशीला तालुक्याहून साहेब आले. रेश्माच्या आईबापांना बोलावलं होतं. मी रजिस्टरं घेऊन व्हरांड्यातून जात होते तेव्हा तिची आई, यमुनाबाई, पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. तिने माझा हात धरला. बाईचा हात बर्फात काम करून करून खरखरीत झालेला.

"बाई, वय सुदारलं तर कागदावर अठराची व्हईल, मे म्हयन्यात लगीन लावतील तिचं. बोटवाल्याचं घर हाय, पोरगा पितो. भटजी दाखला बगितल्याबिगर उबा ऱ्हात न्हाय, शेजारच्या गावात पोलिस आल्यापासून. त्या दाखल्यानंच आडवलाय सगळं."

इतके दिवस मी पानं उलटत होते आणि फायदा कुणाचा म्हणून शोधत होते. फायदा पोरींचा असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सर तुमच्याकडून काय घेतात?" मी विचारलं. आज लिहितानाही त्या प्रश्नाची लाज वाटते.

"सर कशाला घेतील? मीच सांगितलावता नाव घालताना. लहान लिवा सर, म्हंजे शिकंल तरी. आमच्या वाड्यावरच्या सगळ्याच सांगायच्या. सोडं दिलं तर म्हनायचे, मी खात न्हाय, नेऊ नका माघारी, शिपाई खाईल."

आत साहेबांनी आधी बापाला विचारलं. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, दोघं जुळी, एका रात्रीतली. मग यमुनाबाईला विचारलं.

"न्हाय साहेब. पोरगी दोन वर्सांनी झाली."

बाप उभाच राहिला. "काय बोलत्येस? समद्या वाड्याला म्हाईत हाय!"

"याला काय म्हाईत साहेब? हा तवा बोटीवर व्हता. दोनी टायमाला बोटीवर व्हता. आल्यावर जे मांडीवर दिसलं त्येच्यावरनं सांगतोय."

साहेबांना हसू आवरेना. शिपाई दाराआड गेला. बापाचं तोंड उघडं ते उघडंच. एका बाईने भरल्या खोलीत नवऱ्याच्या तोंडावर, सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट नाकारली होती आणि तिचा पदरही ढळला नव्हता. घरी गेल्यावर तिचं काय झालं असेल ते मला विचारवत नाही. नंतर आठ दिवस ती बाजारात आली नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, रजिस्टर तुमच्या ताब्यात. तुमचं काय म्हणणं?"

सर माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मी 'नोंदी खोट्या आहेत' म्हटलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती आणि रेश्मा मे महिन्यात बोहल्यावर उभी राहिली असती.

"रजिस्टरमध्ये कुठेही खाडाखोड नाही, साहेब," मी म्हटलं.

हे शंभर टक्के खरं होतं. साहेबांनी तेच वाक्य अहवालात लिहिलं, तक्रारीत तथ्य नाही म्हणून शेरा मारला आणि चारची एसटी पकडली. रेश्मा दहावी झाली, बारावी झाली, नर्सिंगला गेली. आज ती पनवेलला मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. शोकसभेत ती बोलली आणि सगळ्यांना रडवलं.

पण गावाला कळलं होतं की सरांवर कुणीतरी अर्ज केला, आणि तो मुलींच्या वयाबद्दलचा होता. वयावरून सरांशी भांडली होती एकच मुलगी, तीही सगळ्या शाळेसमोर. कुणी विचारलं नाही, कुणी पुरावा मागितला नाही. सवितानेच अर्ज केला, असं ठरलं. कोळीवाड्यात तिच्याशी बोलणं बंद झालं. दोन स्थळं मोडली. पुढे लग्न झालं ते गावातच, आणि सासू तर सरांना देवाच्या जागी मानणारी. अर्ज करणारी सून म्हणून त्या घरात तिची ओळख झाली. बाजारात तिच्या पाटीपाशी गिऱ्हाईक थांबत नसे. मी थांबायचे. बांगडे घ्यायचे, घासाघीस करायचे नाही आणि मान खाली घालून घरी यायचे. एवढीच माझी हिंमत.

बोलायला हवं होतं, मला कळत होतं. पण मी बोलले असते तर अर्जातलं खरं होतं हेही बोलावं लागलं असतं, आणि मग रेश्मा, आणि तिच्यामागच्या दहाबारा मुली. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलं. रेश्मा नर्स झाली, बाकीच्या मुली पंचविशी ओलांडून गेल्या, सर निवृत्त झाले, तरी मी तेच कारण देत राहिले. तेव्हा मला कळायला हवं होतं की ते कारण नव्हतंच. मी भित्री होते.

आणि सर? तेही लिहायला हवं. अर्ज कुणाचा हे सरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सविताचं काय चाललंय तेही माहीत होतं, गाव लहान आहे. त्यांनी नुसतं "सविताने अर्ज केला नाही" एवढं म्हटलं असतं तरी गावाने ऐकलं असतं. ते म्हणाले नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी धीर करून विषय काढला.

"सर, सविताबद्दल लोक बोलतात ते..."

"हो," सर म्हणाले. मग म्हणाले, "तिचं वय मी कमी लिहिलं तेव्हा तिच्या आईने सांगितलं नव्हतं, वर्तकबाई. मी आपणच लिहिलं. मला वाटलं, तिचंही भलं होईल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यावरही संशय घेतला आहे, अजून घेते. मला वाचवायला ते गप्प राहिले, की चौकशीत माझ्याकडून ते 'खाडाखोड नाही' हवं होतं म्हणून? मुलींसाठी, की स्वतःच्या नावासाठी? मला माहीत नाही. सरांवर माझं प्रेम होतं, फार होतं. त्यांच्यामुळे वाचलेल्या मुली मी मोजू शकते. पण सवितावर त्यांनी दोनदा अन्याय केला आणि दुसऱ्या वेळी मी त्यांच्या सोबत होते.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी सविताकडे गेले. ती ओट्यावर मासे साफ करत होती. मी सगळं सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली नाही. एक मासा पुरा झाला, दुसरा घेतला.

"तुमी व्हय," ती म्हणाली. "आनि माज्याकडनं बांगडं न्हेत व्हतात."

मी मान हलवली.

"सासू मेली बाई. शेवटच्या दिसातबी माज्या हातचं पानी घेतलान न्हाय. पोर माजी शाळेतनं रडत यायची. आता लिवून काय हुनार?"

"काहीच नाही होणार गं. पण तू नको म्हणालीस तर लिहीत नाही."

तिने तो दुसरा मासाही पुरा केला. मग पाण्यात हात बुडवून पदराला पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"लिवा. ह्या टायमाला खाली नाव टाका."

भायदे सरांविरुद्धचा तो निनावी अर्ज मी केला होता. सविताने केला नव्हता. तिला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

सुनंदा वर्तक
निवृत्त वरिष्ठ लिपिक